कॉर्नहोलच्या दोन फळ्या, आठ पिशव्या: कामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर, शनिवार

ओळखीच्यांकडे एका संध्याकाळी कॉर्नहोल खेळलो, तेव्हापासून हा खेळ डोक्यातून जात नाही. उतरत्या फळीला एक भोक आणि लांबून त्यात टाकायच्या पिशव्या, एवढंच सामान. पण त्या संध्याकाळी आजी, बाबा, ताई आणि तिची दोन्ही मुलं एकाच डावात होती आणि कोणालाही कोणासाठी मुद्दाम हरावं लागलं नाही. आमच्या घरात दुसऱ्या कुठल्याही खेळात असं झालेलं नाही. म्हणून परसात आपला एक संच असावा, तोही घरी केलेला, असं ठरवलं. पुढे कोणी हेच करायला घेईल त्याच्या उपयोगी पडावं म्हणून जे चुकेल तेही लिहून ठेवतोय.

मापं आधी. फळी ४ फूट लांब, २ फूट रुंद. भोक ६ इंच व्यासाचं, त्याचा मध्य वरच्या कडेपासून ९ इंचांवर आणि दोन्ही बाजूंपासून १२ इंचांवर. मागची कड जमिनीपासून १२ इंच उंच, पुढची ३ ते ४ इंच. पिशव्या ६ बाय ६ इंच, चार एका रंगाच्या आणि चार दुसऱ्या. दोन फळ्या समोरासमोर, मध्ये २७ फूट.

प्लाय १२ मिमीचा, आठ बाय चारचा एक पूर्ण ताव आणला. त्यातून चार फळ्या निघतात, लागतात दोन. उरलेल्या दोन उगाच पडून राहतील असं वाटत होतं. (पुढे वाचा.) कापताना करवत स्वतः किती लाकूड खाते ते धरलंच नाही. दोन तुकडे पूर्ण मापाचे आले, दोन एकेक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी. खेळात याने काही बिघडत नाही, फक्त जोडीच्या दोन्ही फळ्या सारख्या घ्यायच्या.

वेळ तीन तास, त्यातला एक नुसता प्लाय टेबलावर नीट टेकवण्यात गेला. एकट्याने मोठा ताव कापायला घेऊ नका. शेवटच्या वीतभर अंतरात तुकडा स्वतःच्या वजनाने मोडतो आणि कडेचा ढलपा निघतो.

९ नोव्हेंबर, रविवार

चौकट. अडीच इंच रुंद आणि दीड इंच जाड पट्ट्या, लांब दोन ४८ इंचांच्या, आडव्या दोन २१ इंचांच्या. आडव्या पट्ट्या लांब पट्ट्यांच्या मध्ये बसतात, म्हणून २४ नाही, २१.

गुण्या लावून चारही कोपरे तपासले, सगळे बरोबर वाटले, गोंद लावून स्क्रू मारले. मग सहज कर्ण मोजले. एक ५३ इंच ३ सूत, दुसरा ५३ इंच ७ सूत. यायला हवे होते दोन्ही ५३ इंच ५ सुतांच्या आसपास. गुण्या लहान होता, त्यात एवढी चूक दिसली नाही. गोंद ओला होता म्हणून लांब कर्णाचे कोपरे शिकंज्यात धरून ओढले आणि तसंच रात्रभर ठेवलं. सकाळी दोन्ही कर्ण सारखे. गोंद सुकल्यावर हे लक्षात आलं असतं तर चौकट मोडावी लागली असती. दुसऱ्या चौकटीला आधी कर्ण मोजले, मग स्क्रू मारले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज एक फळी वाया गेली.

भोकाचं वर्तुळ आखायला मध्यावर खिळा ठोकला, दोरी बांधली, टोकाला पेन्सिल. दोरी ताणली जाते आणि पेन्सिल कलते, हे आखून झाल्यावर दिसलं. वर्तुळ एका बाजूला जवळजवळ दोन सूत फुगलेलं. तरी वाटलं कापताना सावरून घेऊ. जिगसॉचं (वळणं कापायच्या विजेच्या करवतीचं) पातं अंगावर दाबून वळवत राहिलो. वरून कापलेली रेघ ठीक दिसत होती. फळी उलटी केली तर खालच्या बाजूला भोक वेगळंच, पातं आतल्या आत वाकून तिरकं गेलेलं. काठावर प्लायचे वरचे पापुद्रेही उचकटले होते. कानस घासून वर-खाली एक करायला गेलो तर भोक साडेसहा इंचांच्या पुढे गेलं.

१८८३ साली अमेरिकेत हेलिगर डी विंट यांनी ‘पार्लर क्वॉइट्स’ नावाने पेटंट घेतलेला खेळ याच घाटाचा होता, पण त्यात भोक चौकोनी होतं. फळी वाया गेल्यावर चौकोन मलाही सोपा वाटला. पण आज हा खेळ गोल भोकावर खेळला जातो आणि पाहुणा दुसरीकडे खेळायला गेला तर त्याचा हात बसलेला असावा, म्हणून तिसरा तुकडा काढला.

दुसऱ्यांदा असं केलं. लाकडाच्या एका पातळ पट्टीला बरोबर ३ इंचांच्या अंतरावर दोन भोकं पाडली, एकात खिळा, एकात पेन्सिल. पट्टी ताणली जात नाही. आखलेल्या रेघेवर कागदी चिकटपट्टी लावली, तिच्यावर पुन्हा आखलं. रेघेच्या आत जाड ड्रिलने पातं शिरेल एवढं भोक पाडलं. जिगसॉला बारीक दात्यांचं, अरुंद पातं लावलं आणि पुढे ढकलायचं सोडून दिलं. ते ज्या वेगाने कापतं त्याच वेगाने नुसतं वळवत नेलं. रेघेच्या अर्धा सूत आत राहून कापलं आणि उरलेलं गोल डब्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासून काढलं. एका भोकाला चाळीस मिनिटं लागली, पण ती मिनिटं सार्थकी लागली. काठावरून बोट फिरवलं तर कुठेच अडत नाही. बोट अडलं तर पिशवीही अडणारच.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाय. हे काम मी अर्ध्या दिवसाचं धरलं होतं, पूर्ण दिवस गेला.

पाय दुमडून चौकटीच्या आत बसायला हवेत, म्हणजे फळी उचलून नेता येते. मागच्या आडव्या पट्टीला लागून, लांब पट्ट्यांच्या आतल्या अंगाला एकेक पाय, बोल्ट आणि विंग नट (हाताने आवळायचा, दोन पंखांचा नट) लावून. मी पायांची टोकं चौकोनीच ठेवली. दुमडायला गेलो तर पायाचा कोपरा वरच्या प्लायला टेकला आणि अर्ध्यातच अडकला. जोर लावला तेव्हा प्लाय चौकटीपासून सुटू लागल्याचा आवाज आला.

उपाय साधा आहे, पण बोल्टचं भोक पाडण्याआधी माहीत असायला हवा. पाय अडीच इंच रुंद. बोल्टचं भोक पायाच्या टोकापासून सव्वा इंचावर, आणि चौकटीत तेच भोक प्लायच्या खालच्या अंगापासून सव्वा इंच आणि वर एक केस एवढं. मग पायाचं टोक सव्वा इंच त्रिज्येत गोल करायचं. टोक गोल झालं की पाय बोल्टभोवती फिरतो आणि प्लायला नुसता चाटून जातो. पाय आणि चौकट यांच्यात एक वॉशर घातला, नाहीतर नट आवळल्यावर लाकडावर लाकूड घासतं. चौकटीतली जुनी भोकं दोन सूत वर होती. ती गोंद लावलेल्या लाकडी खुंट्यांनी बुजवून नव्याने पाडली.

दुसरी चूक लांबीची. मागची कड १२ इंच हवी म्हणून पाय १२ इंच कापले. उभं केल्यावर मागची कड पाऊण इंच जास्त उंच आली, आणि फळी पायांच्या नुसत्या कोपऱ्यांवर उभी. फळीचा उतार ११ अंशांच्या आसपास असतो, पाय फळीशी काटकोनात उभा राहतो, म्हणजे जमिनीशी तो तेवढाच कललेला. त्यामुळे त्याचा तळही तिरका कापायला हवा.

हिशेब करून तळ आखायच्या भानगडीत पडलो नाही. फळी टेबलावर ठेवली, मागची कड टेबलाबाहेर काढली, पाय खाली लोंबते सोडले. मधल्या भागाखाली पुस्तकांची चवड सरकवत गेलो, तोवर मागची वरची कड टेबलाच्या पातळीपासून बरोबर १२ इंचांवर आली. एक सरळ पट्टी टेबलावर आडवी धरून बाहेर काढली आणि ती पायाला जिथे लागली तिथे पेन्सिलची रेघ मारली. लांबी आणि तिरकेपणा दोन्ही एका रेघेत मिळाले. कापल्यावर पाय मध्यावर साधारण सव्वा अकरा इंच भरला. आता फळी जमिनीला पूर्ण तळ टेकून उभी राहते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पिशव्या ताईने शिवायला घेतल्या. घरातलं जाड सुती कापड होतं, तेच वापरलं. ७ बाय ७ इंचांचे सोळा तुकडे, चारी बाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवून ६ बाय ६. तीन बाजू उलट्या बाजूने शिवायच्या, पिशवी उलटवायची, चौथ्या बाजूने दाणे भरायचे, मग ती बाजू आत दुमडून वरून टीप घालायची. ताई म्हणाली, “दुहेरी टीप घालू का?” मी म्हणालो, “राहू दे गं, आधी खेळून बघू.” हे मी म्हणायला नको होतं.

भरायला सुके मक्याचे दाणे. खेळाच्या नावात मका आहे तो यामुळेच. पिशवीचं वजन १५ ते १६ औंस, म्हणजे ४२५ ते ४५४ ग्रॅम असावं. मी प्रत्येकीत ४५४ ग्रॅम दाणे मोजून भरले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पहिला खेळ. फळ्या अजून कोऱ्या, बिनरंगाच्या.

पहिल्या तासाभरात सगळे अप्रतिम खेळत होते. ताईच्या धाकट्याने पहिल्या पाच फेकींत दोन भोकात टाकल्या. नंतर बाबांनी विचारलं, “अरे, २७ फूट कुठून कुठे मोजलेस?” मी मागच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत मोजले होते. मोजायचं पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत. दोन्ही फळ्यांचे चार-चार फूट मी आतच खाल्ले होते, म्हणजे मैदान ८ फुटांनी कमी. नीट लावल्यावर आपल्या फळीच्या पुढच्या कडेपासून समोरच्या भोकाचा मध्य ३० फूट ३ इंचांवर येतो, आणि निम्म्या पिशव्या फळीपर्यंतही पोचेनात. मुलांसाठी २१ फुटांवर वेगळी दोरी टाकली. आजी म्हणाली, “मला पण मुलांच्याच दोरीवरून टाकू दे.” कोणाची काहीच हरकत नव्हती.

गुणांवरून थोडा गोंधळ झाला म्हणून एकदाच लिहितो. फळीवर राहिलेल्या पिशवीला १, भोकात गेलेलीला ३. फेरीत दोघांच्या आठ पिशव्या टाकून झाल्या की गुण एकमेकांतून वजा होतात. माझी एक भोकात आणि एक फळीवर म्हणजे ४, समोरच्याच्या तीन फळीवर म्हणजे ३, तर फेरीचा मला १ गुण. आधी २१ ला पोचेल तो जिंकला. जमिनीला लागून उसळी घेऊन फळीवर आलेली पिशवी धरत नाहीत, ती लगेच उचलून बाजूला ठेवायची. ही वजाबाकीच खेळाला शेवटपर्यंत जिवंत ठेवते. १८ विरुद्ध ६ असतानाही एक चांगली फेरी पुढच्याला तिथेच थोपवून धरते.

आता दोष. फळीच्या मध्यावर पडलेली पिशवी उसळी घेऊन बाहेर जात होती, कडेजवळ पडलेली जागच्या जागी बसत होती. मध्ये आडवी पट्टी टाकायची मी टाळली होती, १२ मिमी प्लाय पुरेसा ताठ आहे असं समजून. तो तेवढा ताठ नाही.

दुसरा दोष पिशव्यांचा. दोन उसवल्या, दोन्ही चौथ्या बाजूने. गवतातून मक्याचे दाणे वेचत बसलो. उरलेल्या सहा हातात घेतल्या तेव्हा कळलं की त्या टम्म फुगल्या आहेत. अशी पिशवी फळीवर आपटते आणि चेंडूसारखी घरंगळते. चांगली पिशवी पडली की पसरते आणि घसरत वर जाते.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही फळ्यांना वरून २४ इंचांवर आडवी पट्टी बसवली. भोक वरच्या कडेपासून १२ इंचांवर संपतं, त्यामुळे पट्टी त्याच्या आड येत नाही. पट्टीला वरून गोंद, बाजूंनी स्क्रू. अर्ध्या तासाचं काम, तेव्हाच केलं असतं तर पहिला खेळ बिघडला नसता. आता मूठ आपटली तर फळी सगळीकडे सारखीच वाजते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पिशव्या पुन्हा. आधी वजन केलं. भरलेली पिशवी ४७५ ग्रॅम निघाली, कारण कापडाचंच वजन २१ ग्रॅम आहे आणि मी ते धरलं नव्हतं. या खेपेला पूर्ण पिशवी ४४० ग्रॅमची धरली, म्हणजे दाणे ४१९. चौथ्या बाजूला दोन टिपा, सुताच्या अंतराने, आणि कोपऱ्यांवर टीप मागे नेऊन पक्की केली. आठही पिशव्या ४३७ ते ४४२ ग्रॅमच्या आत आल्या.

३५ ग्रॅम कमी झाल्याने हाताला जो फरक जाणवला तो मला आधी कोणी सांगितला असता तर पटला नसता. पिशवी आता तळहातावर लोळते.

३० नोव्हेंबर, रविवार

रंग. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, मग २२०ने, प्रायमरचा एक हात, चकचकीत ऑइल पेंटचे दोन हात. काही लांबलचक सांगण्यासारखं नाही. भोकाच्या आतल्या काठालाही रंग लावायचा, तिथूनच प्लाय पाणी पितो.

६ डिसेंबर, शनिवार

हात लावला तर रंग सुकलेला. म्हणून खेळलो. पिशव्या पडतील तिथेच चिकटून बसत होत्या, घसरणं नाहीच. चार पिशव्या चुकून रात्रभर फळीवर राहिल्या. सकाळी उचलल्या तर रंगात कापडाच्या विणीचा ठसा उमटलेला, एकेक धागा मोजता यावा इतका स्पष्ट. रंग वरून सुकतो, आतून कडक व्हायला त्याला काही आठवडे लागतात. फळ्या सावलीत उभ्या करून ठेवल्या. दोन आठवडे खेळ बंद.

२० डिसेंबर, शनिवार

नख दाबलं तर खूण उठत नाही. २२०च्या पेपरने हलकं घासून ठसे काढले आणि पाण्यात विरघळणाऱ्या पारदर्शक वार्निशचे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर पुन्हा हलकं घासून. एका फळीला नजरचुकीने चौथा हात गेला. खेळताना ते लगेच कळलं. त्या बाजूला पिशवी भोकावरून सरळ मागे घसरून पडायची. एका टोकाला टाकायचं एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरंच, असा खेळ जमत नाही. तीच फळी पुन्हा घासून दुसरीच्या जोडीला आणली.

पिशव्यांचीही तक्रार आहे. मका आपटून आपटून फुटतो, त्याचं पीठ होतं, ते कापडाच्या विणीतून बाहेर येतं. फळीवर पिवळसर पट्टे दिसू लागले, त्यावरून पिशव्या जास्तच घसरतात. वजन केलं तर आठातल्या तीन ४३० च्या खाली.

२४ डिसेंबर, बुधवार

काल संध्याकाळी पिशव्या बाहेर राहिल्या आणि रात्री पाऊस झाला. सकाळी पिशव्या जड आणि गच्च. वाळवायला ठेवल्या, पण वास सुटला. एक उसवून पाहिली तर दाणे फुगलेले. शिवाय कोपऱ्यात सोंडे. आठही पिशव्यांमधला मका टाकून दिला.

२७ डिसेंबर, शनिवार

प्लॅस्टिकचे बारीक गोल दाणे आणले. हे पाणी पीत नाहीत, फुटत नाहीत, कीड लागत नाही. कापडही बदललं, घट्ट विणीचं कॅनव्हास. ताईने यावेळी न विचारता चारी बाजूंना दुहेरी टीप घातली. वजन पुन्हा ४४०. नवीन कॅनव्हास ताठ असतं, पिशव्या पहिल्या दिवशी कडक वाटल्या. हाताने चुरगाळून, आपटून, खेळून त्या दोनतीन दिवसांत मऊ झाल्या.

खर्चाचं सांगायचं तर पिशव्या दोनदा केल्याने कापड, दाणे आणि दोरा यांवर जवळजवळ लाकडाएवढाच पैसा गेला. आता पुन्हा करायचं झालं तर मी पिशव्यांपासून सुरुवात करेन. पुठ्ठ्याचा खोका तिरका ठेवून, त्याला भोक पाडून, आधी आठ चांगल्या पिशव्यांवर हात बसवेन आणि मग प्लायला हात लावेन. सगळं लक्ष फळीकडे जातं, कारण ती दिसते. पण तासभर हातात असते ती पिशवी.

४ जानेवारी, रविवार

पूर्ण दुपार खेळलो. दोन-दोनच्या जोड्या. जोडीत दोघं समोरासमोरच्या फळ्यांपाशी उभे राहतात, त्यामुळे आजीला चालावं लागत नाही, पिशव्या तिच्याकडेच येतात. एकेकट्याने खेळताना दोघं एकाच बाजूने टाकतात आणि मग पिशव्या उचलायला बरोबर चालत जातात. बाबा आणि मी असे दहाबारा वेळा इकडून तिकडे गेलो. एरवी आम्ही इतकं बोलत नाही.

फेकीबद्दल एक. अंगठा वर, चार बोटं खाली, हात खालून पुढे आणायचा आणि सोडताना मनगट किंचित वळवायचं, म्हणजे पिशवी ताटलीसारखी सपाट फिरत जाते. सपाट पडली की घसरते. कोलांट्या घेत गेली की कुठेही पडते. नेम भोकावर धरायचा नाही. फळीच्या खालच्या तिसऱ्या भागावर, भोकाच्या सरळ रेषेत धरायचा, उरलेलं अंतर पिशवी स्वतः सरकते. ताईच्या थोरलीने हे आमच्या सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि तिने लागोपाठ तीन पिशव्या अशा सरकवत भोकात घातल्या. चौथी काठावर येऊन अर्धी आत लोंबत राहिली. पुढच्या फेकीला आजीची पिशवी तिला हलकेच लागली आणि पणतीचीच पिशवी आत गेली. आजीची फळीवरच राहिली. हिशेब १२ उणे १.

बाकी राहिलेलं काम: उजव्या फळीच्या एका पायाचा विंग नट खेळता खेळता सैल होतो, तिथे दुसरा नट आवळायचा आहे. आणि पिशव्या ठेवायला झाकणाचा डबा. रात्री त्या आत आणायच्या, हे आता फळीच्या मागच्या बाजूला मार्करने लिहून ठेवलं आहे.